स्टिंगर हरली नाही, कियानं मैदान सोडलं

डिसेंबर २०१९ मध्ये ब्रिस्बेनला आतेभावाकडे गेलो होतो. तिकडे तेव्हा ऐन उन्हाळा, सकाळी साडेसातलाच अंगाला चटका बसतो, आणि हा घरासमोर गाडीच्या डिकीपाशी उकिडवा बसलेला, हातात दात साफ करायचा बारीक दोरा असतो ना तो, बाजूला बायकोचा हेअर ड्रायर आणि लांबच लांब एक्स्टेंशन वायर. गाडी किया स्टिंगर, लाल, व्ही-सिक्स म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाची, दीड वर्ष झालेली. ड्रायरनं बॅज गरम करायचा, त्याच्यामागे दोरा सरकवायचा आणि करवतीसारखा पुढं-मागं ओढत चिकटपट्टी कापत जायचं. किया लिहिलेला लंबगोल काढून तिथं तो 'ई' अक्षरासारखा दिसणारा एक बॅज लावणार होता, ऑनलाइन मागवलेला, बबल रॅपमध्ये गुंडाळून शेजारी ठेवलेला. मी म्हटलं, अरे चांगला आहे की, कशाला काढतोस. तर म्हणाला, "दादा, कोरियात ही गाडी हाच बॅज लावून विकतात. कियाचा लोगोच नसतो तिच्यावर."

मला खरं वाटेना पण खरंच होतं. ज्या कंपनीनं ही गाडी बनवली, त्या कंपनीनं आपल्या स्वतःच्या देशात तिच्या नाकावर आपलं नाव लावलं नाही, वेगळा 'ई' बॅज करून लावला. बाहेर जगभर किया म्हणून विकली आणि घरी मात्र नाव झाकलं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि २०२३ मध्ये गाडी बंद झाली तेव्हा जे लिहिलं-बोललं गेलं ते बहुतेक सगळं मला चुकीचं वाटलं. सगळ्यांचा सूर एकच, की बघा, साध्या गाड्या बनवणाऱ्यांनी बीएमडब्ल्यू-ऑडीच्या वाटेला जाऊ नये, तिथं खानदान लागतं. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. त्या वाटेला जावंच, जायलाच हवं, आणि गाडी म्हणून स्टिंगर कुठं कमी पडली नाही. कमी पडली ती कंपनीची चिकाटी. एक पिढी बनवली, सहा वर्षं विकली आणि सोडून दिली. याला आपल्याकडे धरसोड म्हणतात, आणि या धंद्यात धरसोडीची किंमत फार मोठी असते आणि ती एकट्या कंपनीला नाही, सगळ्यांनाच मोजावी लागते.

आधी गाडी काय होती ते सांगतो, कारण भारतात ती कधी विकलीच गेली नाही. २०१८ च्या नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये ठेवली होती, लोकांनी फोटो काढले आणि विषय संपला. आपल्याला किया कळली ती २०१९ च्या सेल्टॉसपासून. माझी आत्या पुण्यात असते, सेल्टॉस आल्यावर तिला मुलानं आपली गाडीही कियाचीच आहे असं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे ती सेल्टॉसवालीच ना? एवढे पैसे घातलेस तर मग बीएमडब्ल्यू का नाही घेतलीस रे?" आत्याला दोष देत नाही, ब्रिस्बेनमध्ये त्याच्या ऑफिसातल्या लोकांनीही हेच विचारलं होतं.

तर २०११ मध्ये फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये कियानं जीटी नावाची एक कन्सेप्ट, म्हणजे नमुना गाडी, दाखवली, लांब बॉनेट, मागे उतरतं छप्पर, सगळ्यांना वाटलं असल्या कन्सेप्ट बनत नसतात, त्या स्टेजवर फिरवायच्या आणि गोडाउनला ठेवायच्या. पण ही बनली. जानेवारी २०१७ ला डेट्रॉइटला तीच गाडी स्टिंगर म्हणून आली. डिझाइन झालं फ्रँकफर्टच्या स्टुडिओत, ग्रेगरी गिओम यांच्या हाताखाली, आणि वर पीटर श्रायर, म्हणजे ऑडी टीटीशी ज्यांचं नाव कायमचं जोडलंय ते, २००६ पासून कियात. आणि चालवायला कशी असावी हे ठरवायला अल्बर्ट बिअरमन. हा माणूस बीएमडब्ल्यूच्या एम विभागाचा, म्हणजे त्यांच्या वेगवान गाड्या करणाऱ्या विभागाचा, इंजिनिअरिंग प्रमुख होता, तीसेक वर्षं त्या घरात काढलेला, आणि २०१५ मध्ये तो ह्युंदाई-कियाकडे आला. गाडीचा बराचसा पाया तोपर्यंत घातला गेला होता पण सस्पेन्शन, स्टीअरिंग, ब्रेक सगळं नंतर जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या ट्रॅकवर फेऱ्या मारमारून जमवलं. इंजिन ३.३ लिटरचं, दोन टर्बो, २७२ किलोवॅट म्हणजे साधारण ३७० पीएस (अश्वशक्ती), टॉर्क म्हणजे चाकं फिरवणारा जोर ५१० न्यूटन मीटर, मागची चाकं ढकलणार, शून्य ते शंभर ४.९ सेकंदांत. ब्रेक ब्रेम्बोचे. टायर मिशेलिन पायलट स्पोर्ट.

आता किंमत. ऑस्ट्रेलियात व्ही-सिक्स स्टिंगर ४९ हजार डॉलरच्या आसपास सुरू व्हायची आणि सगळं भरलेली जीटी ६० हजारांच्या आत. त्याच सुमाराला तिथं बीएमडब्ल्यू ३४०आय जवळपास ९० हजारांची, आणि तिचं इंजिन २४० किलोवॅट आणि ४५० न्यूटन मीटर. म्हणजे ताकद कमी, मागच्या सीटवर जागा कमी, आणि पैसे दीडपट. वॉरंटी कियाची सात वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही. बीएमडब्ल्यूची तेव्हा तीन वर्षं.

मी चालवली. ब्रिस्बेनच्या पश्चिमेला सॅमफर्डच्या पुढं माउंट ग्लोरियस म्हणून डोंगर आहे, त्याचा घाट ताम्हिणीसारखा हिरवागार पण रस्ता आखीव, खड्डा नाही, वळणामागून वळण. आतेभाऊ आधी म्हणाला तू बस, मी चालवतो, मग अर्ध्यावर किल्ली दिली. मी रोज चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी चालवणारा माणूस, मला ट्रॅकचं काही कळत नाही, पण एवढं कळलं की ती गाडी मागून ढकलली जाते आणि वळणातून बाहेर पडताना पाय किंचित दाबला की पाठीला कळतं, हाताला नाही. स्पीड लिमिटच्या आतही कळतं. असं वाटतच नाही की ही गाडी कुणाची तरी नक्कल आहे. दोषही होते, ते सांगायलाच हवेत. गाडी जड होती, पावणेदोन टनांच्या वर, आणि दोन वळणं लागोपाठ आली की ते वजन जाणवायचं. आतमध्ये काही बटणं आणि प्लॅस्टिक असं की जे दहा-बारा लाखांच्या गाडीतही बघितलेलं असतं, हात लावला की लगेच समजतं. पेट्रोल प्यायची. पण मूळ काम, म्हणजे चालवणाऱ्याला आनंद देणं आणि चार माणसं व सामान घेऊन लांब पल्ला मारणं, ते ती चोख करायची.

मी चाकणला एका व्हेंडरकडे क्वालिटीत आहे, पंधरा वर्षं झाली. शीट मेटलचे पार्ट, ब्रॅकेट, क्लॅम्प, हिट शील्ड. ज्या प्रेसवर सकाळच्या शिफ्टला साध्या हॅचबॅकचा ब्रॅकेट निघतो, त्याच प्रेसवर डाय बदलून दुपारी अशा गाडीचा ब्रॅकेट निघतो की जिचं नाव ऐकल्यावर लोक मान वळवून बघतात. ऑपरेटर तोच, कॉइल बऱ्याचदा त्याच मिलची. फरक असतो का? असतो. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, घट्ट असतो, गेज वेगळं असतं, तपासणीचे नग जास्त, कोटिंग जाड, फर्स्ट पीस पास व्हायला जास्त वेळ लागतो. मी तो फरक हलका मानत नाही, त्याच्यासाठी रात्री उशिरापर्यंत थांबलोय. पण माझ्या टेबलावर तो फरक नगामागे रुपया-दीड रुपयाचा दिसतो, आणि शोरूममध्ये पोचेपर्यंत त्याचे कुठल्या कुठं होतात. मधला जो पैसा आहे तो स्टीलचा नाही, तो नावाचा आहे. नावाला पैसे देऊच नयेत असं मी म्हणत नाही, पण आपण कशाचे पैसे देतोय हे माहीत असावं, आणि आत्यासारखं सरळ 'बीएमडब्ल्यू का नाही' असं विचारण्याआधी 'तिच्यात जास्त काय आहे' हेही विचारावं.

याचं सगळ्यात ठसठशीत उदाहरण फोक्सवॅगनच्या घरात आहे. २००२ मध्ये त्यांनी फेटन नावाची मोठी सेदान काढली, मर्सिडीज एस-क्लासच्या तोडीची, कंपनीचे प्रमुख फर्डिनांड पीएख यांचा हट्ट होता तो. ड्रेस्डेनमध्ये काचेची फॅक्टरी उभारली, आत लाकडी फरशी, गाडी बनताना बाहेरून रस्त्यावरच्या माणसाला दिसते. इंजिनिअरिंगमध्ये कुठं काटकसर केली नाही. पण बॉनेटवर तोच व्हीडब्ल्यूचा गोल, जो गोल्फवर असतो, पोलोवर असतो. लोक म्हणाले एवढे पैसे फोक्सवॅगनला? अमेरिकेतून ती २००६ मध्येच काढून घेतली. आणि त्याच काळात त्याच प्लॅटफॉर्मवर बेंटली काँटिनेंटल जीटी आणि फ्लाइंग स्पर बनल्या आणि लोकांनी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे आनंदानं दिले. सांगाडा एकच, नाव वेगळं. मला हे वाचून राग आला होता, अजून येतो. कारण जो माणूस रोज पार्ट मोजतो त्याला कळतं की त्या फेटनसाठी किती लोकांनी किती रात्री घासल्या असतील.

आता 'खानदान' या मुद्द्याकडे येतो, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. लोकांना वाटतं बीएमडब्ल्यू ही जन्मापासूनच अशी होती. १९५९ च्या डिसेंबरमध्ये ही कंपनी डाइमलर-बेंझच्या घशात जायच्या बेतात होती, म्हणजे मर्सिडीजवाल्यांच्या. तेव्हा ती एकीकडे कुणी न घेणाऱ्या मोठ्या महागड्या गाड्या आणि दुसरीकडे इसेटा, म्हणजे अंड्याच्या आकाराची छोटी गाडी जिचं दार समोरून उघडायचं, अशी दोन टोकं बनवत होती. भागधारकांनी सभेत विरोध केला, उद्योगपती हर्बर्ट क्वांट यांनी स्वतःचा पैसा घातला आणि कंपनी वाचली. मग १९६२ मध्ये १५०० नावाची गाडी आली, ती बरी चालली, तिच्यावरून पुढच्या आल्या, १९७५ मध्ये थ्री सिरीज, १९८६ मध्ये तिचीच वेगवान एम-थ्री. म्हणजे बुडता बुडता वाचल्यापासून एम-थ्रीपर्यंत सव्वीस-सत्तावीस वर्षं. या सगळ्या वर्षांत त्यांनी एक गोष्ट केली, प्रत्येक गाडी संपायच्या आधी पुढची तयार ठेवली. ऑडीचंही तसंच, १९८० मध्ये चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो आली त्याआधी जर्मनीत ऑडी म्हणजे टोपी घालून सावकाश गाडी चालवणाऱ्या पेन्शनर लोकांची गाडी, अशी तिची ओळख होती. ती ओळख पुसायला त्यांना कितीतरी वर्षं लागली. तेव्हा खानदान वगैरे काही नसतं, असते ती एकामागून एक न चुकता आलेली पुढची गाडी. लोक म्हणतात कियाचं नाव नाही. नाव कसं असेल, १९४४ मध्ये सायकलचे पार्ट आणि स्टीलचे पाइप बनवायला सुरुवात केलेली कंपनी ती, १९९७ मध्ये दिवाळखोरीत गेली, ह्युंदाईनं उचलून धरली. तिथून वीस वर्षांत स्टिंगर बनवली. बीएमडब्ल्यूची १९५९ ची अवस्था आणि यांची १९९७ ची अवस्था, मला तरी दोन्हींत फार फरक दिसत नाही.

टोयोटाच्या महागड्या ब्रँडचं, लेक्ससचं उदाहरण कुणीतरी देणारच म्हणून मीच देतो. १९८३ मध्ये टोयोटाचे एजी टोयोडा यांनी आपल्या लोकांना विचारलं, जगातल्या सगळ्यात चांगल्या गाडीला टक्कर देणारी गाडी आपण बनवू शकतो का. सहा वर्षांनी, १९८९ मध्ये, एलएस ४०० आली. आल्या आल्या डिसेंबरमध्येच काही दोष निघाले, जवळपास ८ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. दुसरी एखादी कंपनी तिथंच गारठली असती. त्यांनी लोकांच्या घरून गाड्या उचलल्या, दुरुस्त केल्या, धुऊन, टाकी भरून परत दिल्या. लोक आजही ती गोष्ट सांगतात. पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. थ्री सिरीजच्या समोर त्यांनी आयएस म्हणून गाडी आणली, जपानात तिचं नाव टोयोटा अल्टेझा होतं, ती पहिल्या पिढीत कमी पडली तर दुसरी आणली, मग तिसरी आणली. पंचवीस वर्षं झाली, आयएसनं थ्री सिरीजला कधी मागं टाकलं नाही, तरी ती उभी राहिली. आणि म्हणूनच आज कुणी लेक्सस घेतली तर आत्या 'बीएमडब्ल्यू का नाही' असं विचारणार नाही. निसाननंही इन्फिनिटी नावाचा वेगळा ब्रँड काढलाच होता ना, जी३५ सारखी चांगली गाडी बनवली, मग हळूहळू लक्ष उडालं, २०२० मध्ये पश्चिम युरोपातून आणि ऑस्ट्रेलियातून बाड-बिस्तरा गुंडाळला. तेव्हा वेगळा बॅज काढला की काम झालं असंही नाही. त्या 'ई' बॅजनं स्टिंगरला काय मिळालं? काही नाही. उलट असं वाटलं की कंपनीलाच स्वतःच्या नावाची लाज वाटतेय, आणि जिला स्वतःला लाज वाटते तिच्या नावावर दुसऱ्यानं ६० हजार डॉलर का घालावेत.

आता कियाची बाजू. त्यांचं म्हणणं असणार की सेदान कुणी घेत नाही, सगळ्यांना एसयूव्ही हव्यात, प्रदूषणाचे नियम कडक होतायत, आणि घरातच जेनेसिस या ह्युंदाईच्या महागड्या ब्रँडची जी७० आहे, त्याच प्लॅटफॉर्मवर बनलेली. हे सगळं खरं आहे. अमेरिकेत स्टिंगर पहिल्या पूर्ण वर्षात १७ हजारांच्या आत विकली गेली, हा आकडा एवढ्या मोठ्या कंपनीसाठी किरकोळच. पण मला सांगा, २०१५ मध्ये जेनेसिस हा वेगळा ब्रँड काढताना यांना माहीत नव्हतं का की दोन वर्षांनी दोन सख्ख्या बहिणी एकाच दारात उभ्या राहणारेत? जी७० स्टिंगरनंतर काही महिन्यांतच आली, आतून जास्त देखणी, आणि २०१९ चे अमेरिकेतले मोठे पुरस्कार तीच घेऊन गेली. स्टिंगरला ना स्वतःच्या घरात जागा राहिली ना बाहेर. शेवटी १ हजार गाड्यांची ट्रिब्यूट एडिशन काढली, मॅट राखाडी आणि हिरव्या रंगात, आणि बास. गाडी ग्वांगम्यॉन्गच्या प्लांटमध्ये बनायची, आता तिथून इलेक्ट्रिक गाड्या निघतात. कुणी म्हणेल कियाची इलेक्ट्रिक ईव्ही६ जीटी हीच तिची पुढची पिढी. गाडी जबरदस्त आहे, आली तेव्हा ४३० किलोवॅट, ३.५ सेकंद. पण ऑस्ट्रेलियात तिची किंमत तेव्हाच ९९ हजार डॉलरच्या वर. म्हणजे जी किंमत नाकारायला स्टिंगर आली होती तिथंच जाऊन बसलात तुम्ही.

आणि सगळ्यात वाईट वाटतं ते पोलिसांचं उदाहरण आठवून. ऑस्ट्रेलियात हायवे पेट्रोलची गाडी म्हणजे पिढ्यानपिढ्या तिथंच बनलेली फोर्डची फाल्कन किंवा होल्डनची कमोडोर. फोर्डनं २०१६ मध्ये आणि होल्डननं ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथली फॅक्टरी बंद केली. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, त्या देशाला आपली अशी गाडीच उरली नाही. तेव्हा क्वीन्सलँड पोलिसांनी २०१८ मध्ये हायवेवर पाठलाग करायला कुठली गाडी निवडली? स्टिंगर. रोज उन्हातान्हात ताणून चालवायच्या गाडीला पोलीस नाव बघून घेत नाहीत, ब्रेक किती वेळा तापतात आणि परत जागेवर येतात ते बघून घेतात. दुसऱ्या राज्यांनीही घेतल्या. कियाला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट कुठून मिळणार होतं? लहान मुलं रस्त्यावर निळ्या दिव्यांची स्टिंगर बघत मोठी होत होती. आतेभावाचा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा, तो बाबांच्या गाडीला पोलीसगाडी म्हणायचा. नाव असंच बनत जातं, दहा-पंधरा वर्षांनी ही मुलं पगाराला लागतात आणि गाडी बघायला जातात. तोपर्यंत थांबायला हवं होतं.

आपल्याला काय त्याचं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर वॉरंटीचं आहे. किया तिकडे सात वर्षं देत होती, आणि मर्सिडीज २०२० च्या मार्चमध्ये, बीएमडब्ल्यू त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीनवरून पाच वर्षांवर आल्या. एकट्या स्टिंगरमुळे आल्या असं मी म्हणणार नाही, पण स्वस्तवाला खालून जिना चढत येतोय हे दिसल्याशिवाय वरचा माणूस कधी काही देत नाही. ज्यानं आयुष्यात कधी स्टिंगर घेतली नाही त्यालाही तिच्यासारख्या गाड्यांचा फायदा होतो. आव्हान देणारा निघून गेला की किमती परत आपल्या जागेवर.

भारतात आपण हे थोडं वेगळ्या रूपात बघितलंय. स्कोडा ऑक्टाव्हिया, आपल्याच संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या प्लांटमधली, २००१ पासूनची, तेव्हाचं औरंगाबाद. मग तिची आरएस, म्हणजे जास्त ताकदीचं मॉडेल आलं, टर्बो पेट्रोल, त्या काळात टर्बो पेट्रोल म्हणजे काय हे सांगावं लागायचं. डॉक्टर, वकील, बिल्डर यांनी ती जीव लावून वापरली, अजून काही जणांकडे आहेत आणि ते विकायला तयार नाहीत. मग मधेच गायब, मग परत, मग परत गायब. २०२० मध्ये फक्त २०० गाड्या, ३६ लाखांच्या जवळ. २०२५ मध्ये १०० गाड्या, ४९.९९ लाख, आणि बघता बघता संपल्या. गाडी उत्तम आहे यात वादच नाही. पण दीडशे कोटींच्या देशात १०० गाड्या आणणं याला आव्हान म्हणत नाहीत, ते फक्त जुन्या चाहत्यांचा मान राखणं झालं. आव्हान म्हणजे शोरूममध्ये कायम गाडी उभी, टेस्ट ड्राइव्हला मिळते, पार्ट आठवड्यात येतो, आणि पाच वर्षांनी तिची पुढची पिढी.

आता पाळी चिनी कंपन्यांची. बीवायडीची इलेक्ट्रिक सील इकडे मार्च २०२४ मध्ये ४१ लाखांपासून आली, वरच्या मॉडेलला ५३० पीएस, ३.८ सेकंद, ५३ लाख. कागदावर ती ज्यांच्यासमोर उभी आहे त्या जर्मन गाड्या तिच्यापुढे दमतात. सगळे परत तेच बोलतायत, नाव नाही, खानदान नाही, पाच वर्षांनी काय होईल. आणि या वेळी त्या शेवटच्या शंकेला उत्तर द्यायला मला जड जातं, कारण त्या शंकेला पुरावा कियानं दिलाय. बीवायडीवाल्यांना माझं एवढंच सांगणं राहील की पहिली गाडी किती वेगानं पळते हे सांगण्यात पैसे घालवू नका, ते लोकांना पटलेलंय. दुसरी कधी येणार, पहिलीचे पार्ट कुठल्या वर्षापर्यंत मिळणार, जुनी परत किती किमतीला घेणार, हे लेखी द्या. आणि स्वतःचं नाव पुढच्या बाजूला ठसठशीत लावा.

त्या दिवशी ब्रिस्बेनला निम्मा दोरा आत गेल्यावर आतेभावाचा हात थांबला. मीच बोललो होतो, की अरे पोलिसांच्या गाडीवर कुठला बॅज आहे? त्यानं जरा विचार केला आणि दोरा काढून घेतला. निम्मा सुटलेला कोपरा नंतर दोन बाजूंनी चिकटणारी पट्टी लावून बसवला, अजून बोट फिरवलं तर तो किंचित वर लागतो.

मागच्या वर्षी त्याच्या गाडीची सात वर्षांची वॉरंटी संपली. नवी घ्यायचा विचार होता, बायको म्हणत होती आता एसयूव्ही घे, मुलांच्या सायकली बसतील. त्यानं जर्मन बघितल्या, सील चालवून बघितली, म्हणाला पळते खरी, माझ्यापेक्षा जास्त पळते. मी म्हटलं मग घे की, तू तर आधीपण नाव न बघता घेतली होतीस. फोनवर थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, गाडीला नावं नाही ठेवत मी. पण एकदा पहिली पिढी घेऊन झालीय माझी. दुसरी आली की बघतो." आणि स्टिंगरला चार नवे टायर टाकून घेतले.